दूध वर येईस्तोवर : धावत्या दिवसात थांबायची सवय कशी लावावी

विहिरीवरची मोटर सुरू केली की पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचायला किती वेळ लागतो, हे आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. गव्हाच्या वावरात पंचवीस मिनिटं. माझे सासरे ती पंचवीस मिनिटं धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, नुसती बसून काढत. हातात काही नाही, नजर पाण्याकडे. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, हा माणूस वेळ किती फुकट घालवतो. आता त्याच धुऱ्यावर मी बसते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्या पंचवीस मिनिटांत मी कापसाचे भाव, कोणाच्या तरी साखरपुड्याचे फोटो, दोन भाज्यांच्या कृती आणि एक भांडण एवढं पाहून उठायची. एकदा पाणी वाफा फोडून शेजाऱ्याच्या हरभऱ्यात गेलं तरी मला पत्ता नव्हता. शेजारी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्या दिवशी घरी येताना सासऱ्यांची आठवण आली. त्यांच्याकडे मोकळा वेळ माझ्यापेक्षा जास्त नव्हता, कामं तर जास्तच होती. फक्त मधे मधे येणारे थांबे ते भरून टाकत नव्हते.

खेड्यात राहून शांतता शिकायची म्हटली की लोक हसतात. 'तुमच्याकडे तर शांतताच शांतता!' असं पुण्याची नणंद म्हणते. तिला डीजे, डवऱ्याच्या (कोळप्याच्या) फेऱ्या, बचतगटाची मीटिंग, रात्री साडेबाराला येणारी शेतीची लाइन, म्हणजे वीज, आणि सकाळी पाचला सुरू होणारा भोंगा माहीत नाही. म्हणून हे लिहिते आहे. शहरातून गावी परत आलेली मुलं, नवीन सुना, रिटायर झालेले गुरुजी, आणि माझ्यासारख्या, ज्यांना 'वेळच मिळत नाही' हे दिवसातून चारदा म्हणायची सवय लागली आहे, त्यांच्यासाठी. मी यातली तज्ज्ञ नाही. वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात सात एकर कापूस-तूर आहे, दोन मुलं आहेत आणि गेली दोन वर्षं मी चुकतमाकत हे करते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. शांत बसणं वेगळं आणि गप्प बसणं वेगळं. 'गप्प बस' हे आम्हा बायकांना लहानपणापासून इतक्यांदा ऐकवलेलं असतं की शांततेचं नाव काढलं तरी चीड येते. गप्प बसलेल्या माणसाच्या पोटात बोलणं साचत जातं. शांत बसलेल्या माणसाला त्या घटकेपुरतं काही दाबायचं नसतं. बसल्यावर जर गळ्यात काही दाटत असेल, तर तुम्हाला शांततेची गरज नाही, आधी कोणाशी तरी बोलायची आहे. ते आधी करा.

पहिल्या आठवड्यात फक्त वही

सुरुवातीचा आठवडा काहीच करायचं नाही. खताचा आणि मजुरीचा हिशोब ज्या वहीत लिहिता, तिच्याच मागच्या पानावर दिवसभरात कुठं कुठं थांबावं लागलं ते लिहायचं. एसटीचे असतात तसे हे आपले थांबे. माझ्या वहीत पहिल्याच दिवशी अकरा निघाले : दूध तापताना, नळाची वाट पाहताना, मुलाच्या शाळेची गाडी येईस्तोवर, मोटर, फवारणीच्या टाकीत पाणी भरताना, वेचलेला कापूस मोजायला काटा लागेस्तोवर, रेशनची रांग, कुकरच्या शिट्ट्या, आणि असेच.

प्रत्येक थांब्यापुढे खरं खरं लिहा की तेव्हा तुम्ही काय केलं. माझ्या अकरापैकी नऊ ठिकाणी 'फोन' होतं. दहाव्या ठिकाणी शेजारणीशी गप्पा, त्या मी सोडणार नव्हते आणि तुम्हीही सोडू नका. अकराव्या ठिकाणी फोनची बॅटरी गेली होती.

वहीशिवाय सुरुवात करू नका. वेळ काढायचा नसतो, तो आधीच दिवसात पडलेला असतो, हे मी कितीही सांगितलं तरी पटत नाही. स्वतःच्या अक्षरात पाहिलं की पटतं.

एकच थांबा निवडा

सगळे थांबे एकदम सुधारायला जाल तर चौथ्या दिवशी सोडून द्याल. एकच घ्या. मी दुधाचा घेतला, आणि नवख्या माणसाला मी दुधाचाच सांगते, कारण त्याला स्वतःची घंटा आहे. दूध वर आलं की संपलं. घड्याळ लावायला नको, 'अजून किती वेळ' हा प्रश्न नको.

कसं करायचं ते सविस्तर सांगते, कारण सगळी गोम यातच आहे.

दुधाचा गंज, म्हणजे पातेलं, गॅसवर ठेवा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. खिशात नको, ओट्यावर पालथाही नको, पालथा फोन उलटा जास्त बोलावतो. दोन्ही पाय जमिनीवर सारखे टेकवा. आम्ही बायका ओट्याशी उभ्या राहताना एका पायावर भार देतो, तो सवयीनंच जातो, पुन्हा सारखे करा. खांदे खाली सोडा. आणि दुधाकडे पाहा.

पहिली दोन मिनिटं काहीच होत नाही. मग कडेनं बारीक बुडबुड्यांची रांग धरते. मग साय आक्रसते, तिला सुरकुत्या पडतात. मग तळातून घुमल्यासारखा आवाज येतो. तो मी चाळीस वर्षांत कधी ऐकला नव्हता, आणि दूध तर रोज तापवलं. मधे मन उठून जाईल. कर्जाचा हप्ता, मुलाची फी, काल जाऊबाई काय बोलल्या. जाऊ द्या. ओढून आणायचं नाही आणि त्याच्यामागे जायचंही नाही. लक्षात आलं की पुन्हा दुधाकडे पाहायचं. दहा वेळा गेलं तर दहा वेळा. हे परत येणं म्हणजेच सगळं काम आहे, मन न जाणं म्हणजे काम नव्हे. मला हे कळायला सहा महिने लागले. तोवर मला रोज वाटायचं की आपल्याला जमत नाही.

डोळे उघडे ठेवा. एकदा मला फार शांत वाटलं म्हणून मी डोळे मिटले. अर्धा लिटर दूध शेगडीवर. सासूबाईंनी बर्नर घासताना माझ्या ध्यानधारणेवर जे भाष्य केलं त्याला तोड नाही.

तीन आठवडे हा एकच थांबा. मग वाटलं तर दुसरा घ्या. माझा दुसरा मोटरीचा होता, आणि त्यात धुरा, टिटवी, वेडे राघू, पाण्याचा मातीत मुरतानाचा आवाज, असं पाहायला-ऐकायला पुष्कळ आहे. तिथं कष्टच पडत नाहीत. दुधापासून सुरुवात करायचं हेही एक कारण : अवघड ठिकाणी जमलं की सोप्या ठिकाणी आपोआप जमतं.

श्वासाबद्दल थोडंसं

श्वासाचा बाऊ करू नका. एवढं माहीत असू द्या की स्वस्थ बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित मंदावतात. म्हणून सोडण्याचा वेळ लांबवला की शरीराला विसाव्याची खूण मिळते. यात चमत्कार काही नाही. डोक्यावरचा भारा खाली ठेवला की आपसूक 'हुश्श' होतं, ते हेच.

मी मोजत नाही, चालते. घरापासून वावराच्या रस्त्याला तीन पावलं श्वास आत, पाच पावलं बाहेर. कोणाच्या लक्षात येत नाही. शंभर पावलं झाली की सोडून देते. श्वास कोंडून धरायचा नाही. बीपी, दमा असलेल्यांनी आणि पोटुशी बाईनं तर मुळीच नाही.

आणि फवारणीच्या दिवशी वावरात खोल श्वासाचा कोणताही प्रयोग नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. त्या दिवशी तोंडाला मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे, वाऱ्याच्या दिशेचं भान, घरी येऊन आंघोळ. शांतता उद्या.

बसायचं कुठं

हा प्रश्न पुरुषांना पडत नाही. त्यांना पार आहे. पिंपळाच्या पारावर पुरुष दोन तास नुसता बसला तर त्याला 'बसला आहे' म्हणतात. बाई अंगणात दहा मिनिटं नुसती बसली तर घरातून आवाज येतो, "काहून वं, डोकं दुखते का?" माझ्या बाबतीत पहिल्या आठवड्यात तीन जणींनी चौकशी केली. एकीनं गोळी आणून दिली. एकीला वाटलं घरात भांडण झालं. सासूबाई म्हणाल्या, "अशी काय करून राह्यली वं, पाहुणे यायचे आहेत का?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकतो, 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या' असं त्यांच्या कानात सांगतो. दुसऱ्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू येत नाही. चांगलीच रीत आहे. त्या दिवशी पुरण कोण वाटतं ते मात्र विचारू नका.

मी काढलेले तीन मार्ग सांगते. जो चालेल तो घ्या.

हातात काहीतरी घेऊन बसणं हा सगळ्यात सोपा. सुपात तूर घेऊन निवडत बसलेल्या बाईला कोणी काही विचारत नाही. मी वाती वळते. आपल्याच वावरातला कापूस, सरकी काढलेला, पिंजून मऊ केलेला. बोटं चालू राहतात आणि डोकं मोकळं होतं. एका लयीत चालणाऱ्या हाताला मन टेकायला जागा असते. आमच्या जिल्ह्यात ही गोष्ट नवी नाही. सेवाग्रामला गांधीजी रोज सूत कातत, पवनारला विनोबांचंही तेच. आमच्याकडे अजूनही काही घरांत पेटीचरखा माळ्यावर पडलेला सापडतो. आहे का पाहा. फक्त हातातलं काम असं पाहिजे की त्याला घाई नसावी. संध्याकाळच्या भाजीची पालक निवडताना ते होत नाही, मन चुलीवर असतं.

दुसरा मार्ग वेळेचा. पहाटे चारला उठून ध्यानाला बसा असा सल्ला मी देणार नाही. बाईची झोप आधीच कमी, त्यात आणखी कात्री कशाला? पण सकाळी अंगण झाडून, सडा टाकून झाल्यावर तुळशीपाशी जो क्षण असतो, तो दोन मिनिटांवरून पाच मिनिटांवर नेता येतो. तिथं उभ्या बाईला कोणी हटकत नाही. तुळशीचा एवढा फायदा घ्यायला हरकत नसावी.

तिसरा मार्ग सरळ सांगण्याचा. तो मी सगळ्यात शेवटी धरला आणि तोच आधी धरायला हवा होता. जेवताना सगळ्यांसमोर म्हटलं, "साडेचार ते पावणेपाच मला हाक मारू नका. आग लागली तर मारा." नवरा हसला. लहान मुलानं दुसऱ्या दिवशी बरोबर चार पस्तीसला येऊन विचारलं, "आई, आग लागली नाही, पण चिवडा कुठं आहे?" आठवडाभरात सवय झाली. सासूबाई कधी कधी शेजारी येऊन बसतात आणि गावातली सगळी बातमी सांगतात. तेव्हा ऐकते. त्याही कुठं बसणार?

आपलं वर्ष आपल्याला थांबवतंच

बाहेरून आलेल्या पुस्तकी सल्ल्यात रोज एकाच वेळी, एवढीच मिनिटं, असं असतं. आपल्याकडे ते टिकत नाही, कारण आपला दिवस नक्षत्राप्रमाणे लहानमोठा होतो. म्हणून वेळापत्रक ऋतूचं करा.

उन्हाळ्यात विदर्भाला थांबणं शिकवावं लागत नाही. ४५ अंशांच्या वर पारा गेला की पहाटे वावरात जाऊन दहा-अकराला परत, आणि मग चारपर्यंत कोणी बाहेर दिसत नाही. नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, तर कुत्रंही सावली सोडत नाही. बाहेरचे लोक याला आळस म्हणतात. तो आळस नव्हे, या उन्हात पिढ्यान् पिढ्या जगलेल्या लोकांनी घालून घेतलेला दुपारचा थांबा आहे. तो हल्ली कूलर आणि टीव्हीनं भरला आहे. जेवण झाल्यावर अर्धा तास टीव्ही लावू नका, एवढंच करा. ओसरीत थंड जमिनीवर पडा. झोप लागली तर लागू द्या, उन्हाळ्याच्या दुपारी झोप लागणं ही साधनेतली चूक मानू नये असं माझं ठाम मत आहे.

पावसाळ्यात झड लागते. दोन-तीन दिवस सूर्य दिसत नाही, डवरणी बंद, निंदण बंद. पहिल्या दिवशी बरं वाटतं, दुसऱ्या दिवशी माणसं एकमेकांवर खेकसायला लागतात. झडीचा पाऊस ऐकायचा असतो. टिनावरचा वेगळा, कवेलूवरचा (कौलांवरचा) वेगळा, सागाच्या पानावरचा वेगळा. मुलांना डोळे मिटून किती जागचा पाऊस ऐकू येतो ते मोजायला सांगा. माझी दोघं सातपर्यंत गेली, नंतर आठव्यावरून मारामारी.

दिवाळीच्या आगेमागे कापूस फुटला की मात्र सगळं विसरा. तेव्हा साडेचार-पावणेपाचचा नेम मीही मोडते. फक्त एक ठेवते : ओळ संपली की धुऱ्यावर कंबर सरळ करायची, लांबचं झाड पाहायचं, तीन श्वास, मग पुढची ओळ. कंबरेलाही बरं पडतं. पण किलोवर वेचणी करणाऱ्या बाईला 'जरा थांब, शांत हो' हे सांगायचा मला हक्क नाही, तिचा प्रत्येक मिनिट पैशात मोजला जातो. वावर ज्याचं आहे त्यानं तिच्यासाठी थांबा करायचा. आम्ही दुपारचा चहा बसून द्यायला लागलो, सावलीत, पंधरा मिनिटं, आणि त्याचे पैसे कापत नाही. शेजारच्या दोघांना ते आवडलेलं नाही.

ओलिताची रात्र आणि जागली यांचं काय, असं एकानं मला विचारलं. रात्रीच्या लाइनीवर गहू भिजवणाऱ्याला किंवा रानडुकरांपासून तूर राखायला मचाणावर बसलेल्याला मी शांतता शिकवणार नाही. त्याला झोप मिळायला हवी.

दिवेलागण

दिवसाचे दोन सांधे आपल्याकडे आधीपासून राखलेले आहेत, पहाट आणि दिवेलागण. दिवेलागणीला टीव्ही पाच मिनिटं बंद. घरातला दिवा लावा, मग तो देव्हाऱ्यातला असो, बुद्धाच्या मूर्तीसमोरचा असो की नुसता बल्ब. कोणी काही बोलायचं नाही असा नियम करू नका, नियम केला की मुलं हसतात. आवाज आपोआप खाली येतो.

एकट्यानं जमत नसेल तर गावात कुठं चार माणसं बसतात ते शोधा. एकट्यापेक्षा चौघांत बसणं सोपं जातं, हा माझा अनुभव. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला आणि पहाटेचं सामुदायिक ध्यान, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना गावोगाव नेली. आपल्याकडच्या पुष्कळ गावांत गुरुदेव सेवा मंडळ आहे, कुठं जोरात, कुठं तीन म्हातारे आणि एक सतरंजी. त्या तिघांत जाऊन बसा, त्यांना आनंद होईल. विहार असेल तर संध्याकाळच्या वंदनेला जा. चपला बाहेर, मागं बसायचं, शब्द येत नसले तरी चालतं. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात बहुतेक विहारांत जास्त लोक असतात, नवख्यानं तेव्हा सुरुवात केली तर अवघडल्यासारखं वाटत नाही. हरिपाठ असेल तर तिथं. आपण कोणत्या घरातले, याचा हिशोब गाव करेल. करू द्या.

वर्ध्याजवळ असाल तर एकदा सेवाग्रामला संध्याकाळच्या प्रार्थनेला जा. १९३६ साली गांधीजी तिथं राहायला आले तेव्हा ते शेगाव नावाचं खेडं होतं. पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांनी १९५९ मध्ये बायकांसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. बाईला एकांत हवा असू शकतो, हे कोणीतरी इतक्या आधी मान्य केलं होतं, आणि तेही आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. मला ते पस्तिशी उलटून गेल्यावर कळलं.

मौन, थोडं आणि सांगून

हे सहा महिन्यांनंतर. गांधीजी सोमवारी बोलत नसत, काही सांगायचं तर चिठ्ठीवर लिहून देत. विनोबांनी २५ डिसेंबर १९७४ पासून वर्षभर मौन धरलं. आपण अर्ध्या तासापासून सुरुवात करायची, आठवड्यातून एकदा.

आधी घरात सांगा. मी न सांगता केलं आणि अर्ध्या तासात नवऱ्यानं माझ्या आईला फोन लावला, "बाई, रुसली वाटते." आई दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन हजर.

ज्या दिवशी भांडण झालं असेल त्या दिवशी मौन धरू नका. ते मौन राहत नाही, अबोला होतो, आणि अबोला हे हत्यार आहे. ते सगळ्यांना चालवता येतं, शिकायची गरज नाही.

बसल्यावर वाईट वाटलं तर

होतं असं. दिवसभर धावताना मागं टाकलेलं सगळं, थांबलं की येऊन गाठतं. साधी चिंता असेल तर वही जवळ ठेवा. 'पीकविम्याची तारीख', 'पंचनाम्याचा अर्ज', 'सोसायटीत जायचं' असं एका ओळीत लिहून टाका आणि पुन्हा बसा. लिहिलेल्या चिंतेचं उद्या काम होतं. बँकेची नोटीस शांत बसून जात नाही, आणि जो तसं सांगेल त्याच्यापासून लांब राहा. कर्जाला मार्ग काढावा लागतो, त्यासाठी उठावंच लागतं.

पण बसलं की रडूच येतं, झोप उडाली आहे, जेवण जात नाही, किंवा जगून काय करायचं असं मनात येतं, तर एकट्यानं बसणं ताबडतोब थांबवा. माणसांत या. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालतो, मराठीतून बोलता येतं. तालुक्याच्या दवाखान्यात सांगा. आमच्या भागात हे लिहिताना हात आखडतो, कारण प्रत्येक गावात एखादं घर असतं. म्हणूनच लिहिते आहे. घरात कोणी फारच गप्प झालं असेल तर 'शांत झाला' म्हणून समाधान मानू नका. जवळ जाऊन बसा, विचारा.

रात्र

फार सांगण्यासारखं नाही. फोनचं चार्जिंग झोपायच्या खोलीबाहेर. उन्हाळ्यात अंगणात बाज टाकत असाल तर उत्तरेकडे डोकं वर करून सप्तर्षी पाहा. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया त्यालाही बाजच म्हणतात : चार तारे म्हणजे बाजेचे चार खूर, आणि मागचे तीन म्हणजे ती चोरून न्यायला आलेले चोर. लाइन गेलेली असली तर आणखी छान दिसतात. लाइन गेली म्हणून वीज कंपनीला शिव्या देऊन झाल्या की मग पाहा, आधी शिव्या मोकळ्या होऊ द्याव्यात.

वर्षातून एकदा मोझरीला

हे जमलं तर करा. तुकडोजी महाराजांनी ११ ऑक्टोबर १९६८ रोजी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी देह ठेवला. दर वर्षी आश्विन वद्य पंचमीला, म्हणजे कोजागिरीनंतर पाचव्या दिवशी, त्याच वेळेला गुरुकुंजात मौन श्रद्धांजली असते. प्रचंड गर्दी असते. मुलं, पाळणे, खंजिऱ्या, लाऊडस्पीकर, हरवलेल्यांची नावं पुकारणं, सगळं चालू असतं, आणि ४.५८ ला ते थांबतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या शेजारी कुल्फीवाला होता. त्यानं घंटी मुठीत घट्ट धरून ठेवली होती, चुकून वाजू नये म्हणून.

मोझरी तिवसा तालुक्यात, नागपूर–अमरावती महामार्गावर आहे. दुपारी दोनपर्यंत पोचा, नंतर आत शिरणं कठीण. टोपी किंवा दुपट्टा, पाण्याची बाटली, बसायला पोतं घ्या, कारण आश्विनातही दुपारचं ऊन चांगलंच लागतं. फोन बंद करा, सायलेंटवर नको. लहान मुलांना आधीच खाऊ घालून ठेवा. परतीच्या एसटीला जागा मिळत नाही, आम्ही दर वेळी तिवस्यापर्यंत उभ्यानं जातो, तेव्हा फुटाण्याची एक पुडी वेगळी बांधून ठेवलेली बरी.